ग्रो लाइटचा पंखा बंद पडलाय? दिवा चालू ठेवण्याआधी हे वाचा

रोपवाटिका, मायक्रोग्रीन्स, बंद खोलीतलं केशर, टिश्यू कल्चरची रोपं अशा कामांसाठी एलईडी ग्रो लाइट आता खेडोपाडी पोहोचले आहेत. पुणे जिल्ह्यात तर कंटेनरमध्ये केशर घेण्याचे प्रयोगही झाले. बरेच जण हे दिवे ऑनलाइन मागवतात. सहा-आठ महिने नीट चालतात आणि मग एक दिवस दिव्यातला घरघर आवाज बंद होतो. प्रकाश मात्र तसाच पडत राहतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलंच तर म्हणतात, "पंखाच गेलाय ना, दिवा तर लागतोय. चालू द्या."

इथेच धोका आहे. पंखा बंद असलेला ग्रो लाइट चालवला तर काय होतं, तो कसा ओळखायचा, पंखा कसा बदलायचा आणि तोवर पिकाचं काय करायचं, याची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

थोडक्यात उत्तर

- ज्या दिव्यात कंपनीने पंखा बसवला आहे, तो दिवा पंख्याशिवाय चालवू नका. दोनपैकी एक पंखा बंद असला तरीही नाही.
- ज्या दिव्यात मुळातच पंखा नाही, त्याची रचना वेगळी असते. त्याला हा नियम लागू नाही.
- पंखा बंद पडल्यावर एमसीबी पडत नाही. त्यामुळे "काही झालं तर बटण पडेल" या भरवशावर राहू नका.
- रात्री, टायमरवर किंवा कुणी जवळ नसताना असा दिवा अजिबात चालू ठेवू नका.

एलईडी थंड असतो, मग पंखा कशाला?

एलईडी गरम होत नाही हा मोठा गैरसमज आहे. जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा तो कमी गरम होतो, एवढंच खरं. चांगला एलईडी घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्म्या विजेचा प्रकाश करतो, उरलेल्या विजेची उष्णता होते. स्वस्त दिव्यात उष्णतेचा वाटा याहून जास्त असतो.

आता हिशोब करा. दिवा खरोखर २०० वॅट वीज घेत असेल, तर साधारण १०० वॅट उष्णता त्या डब्यातच तयार होते. जुना १०० वॅटचा बल्ब किती तापायचा हे आपल्याला माहीत आहे, हात लावता यायचा नाही. तो बल्ब तरी उघड्यावर असायचा. इथे तेवढी उष्णता पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या बंद डब्यात कोंडलेली असते.

ही उष्णता एलईडीच्या बारीक चिपमधून मागच्या धातूच्या पट्टीत जाते, तिथून ॲल्युमिनियमच्या पंख्यांसारख्या पात्यांच्या ठोकळ्यात. या ठोकळ्याला हीट सिंक म्हणतात. त्यावरून हवा वाहिली की उष्णता बाहेर पडते आणि ती हवा वाहती ठेवायचं काम पंख्याचं. ज्या दिव्यात पंखा असतो, त्यात कंपनीने हीट सिंक मुद्दाम लहान ठेवलेला असतो, कारण वजन आणि किंमत कमी करायची असते. म्हणजे पंखा ही जादाची सोय नाही, त्याच्यावरच दिव्याचा सगळा हिशोब बसवलेला असतो. मोटारसायकलचं इंजिन गाडी पळते तेव्हाच्या वाऱ्यावर थंड होतं. तीच गाडी स्टँडवर लावून तासभर रेस केली तर काय होईल, तसंच हे आहे.

बिनपंख्याच्या दिव्यात हीट सिंक मोठा आणि जड असतो, किंवा एलईडी रुंद पट्टीवर लांब-लांब पसरवलेले असतात. ड्रॅगन फ्रूटला हंगामाबाहेर फुलं यावीत म्हणून किंवा शेवंतीला लवकर कळी धरू नये म्हणून रात्री जे साधे एलईडी बल्ब लावतात, त्यांनाही पंखा नसतो. ते उघड्यावर टांगलेले असतात आणि कमी वॅटचे असतात. त्यांची तुलना पंख्याच्या दिव्याशी करू नका.

पंखा बंद पडल्यावर आत काय होतं?

*एलईडी तापतात.* समजा पंखा चालू असताना हीट सिंक खोलीपेक्षा ३० अंशांनी जास्त गरम राहतो. खोली २५ अंशांवर असेल तर तो ५५ अंशांवर जाईल. पण विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असतात, तेव्हा तोच ७२ वर जातो. हे झालं पंखा चालू असताना. पंखा बंद झाला की फरक ३० चा राहत नाही, त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. शिवाय एलईडीची चिप हीट सिंकपेक्षाही गरम असते. मग प्रकाश कमी होतो, एलईडीचं आयुष्य झपाट्याने घटतं, वरची भिंगं पिवळी पडतात, डाग सुटतात.

*ड्रायव्हर बिघडतो.* २३० व्होल्टची वीज एलईडीला लागेल तशी करून देणारा डबा म्हणजे ड्रायव्हर. आपल्याकडचे काही वायरमन त्याला चोकच म्हणतात. त्यात कपॅसिटर असतात. जाणकारांचा साधा ठोकताळा असा की दर १० अंश वाढले की कपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. एलईडी आणि ड्रायव्हर एकाच डब्यात असतील, तर पंखा गेल्यावर दोघंही एकमेकांना तापवतात.

*वायरचं आवरण कडक होतं.* आपल्याकडची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्यापेक्षा जास्त उष्णतेत ती रोज तास-दोन तास राहिली तर आवरण कडक होऊन तडकतं. आतली तार उघडी पडते आणि पत्र्याच्या बॉडीला लागते. मग बॉडीत करंट उतरतो.

*जोड सैल होतात.* रोज तापणं आणि थंड होणं यामुळे डाग आणि कनेक्टर ढिले पडतात. ढिल्या जोडात ठिणगी पडते. आगीची सुरुवात बहुतेक वेळा अशा ढिल्या जोडापासूनच होते.

चांगल्या कंपनीच्या दिव्यात जास्त तापल्यावर आपोआप प्रकाश कमी करणारी किंवा दिवा बंद करणारी सोय असते. दिवा मध्येच बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप लागतो, असं वारंवार होत असेल तर ती सोय काम करतेय असं समजा. पण याचा अर्थ "सुरक्षित आहे, चालू द्या" असा नाही. दिवा स्वतःच सांगतोय की मला सहन होत नाही. स्वस्त दिव्यांत ही सोय असेलच असं नाही.

आग लागू शकते का?

पंखा बंद पडला की लगेच आग लागते असं नाही. बहुतेक वेळा आधी एलईडी जातात किंवा ड्रायव्हर बंद पडतो. पण आग लागण्यासाठी जे लागतं ते आपल्या शेडमध्ये आयतंच असतं: दिव्यावर साठलेली धूळ, कोळ्याची जाळी, कोरडं कोकोपीट, गोणपाट, थर्माकोल, रोपांचे प्लॅस्टिक ट्रे, शेडनेट, शेजारी रचलेला कडबा. त्यात बरेच दिवे रात्री चालतात. वीज गेली की बंद होतात, पहाटे आली की आपोआप लागतात. तेव्हा घरचे झोपलेले असतात.

एमसीबी का पडत नाही, हेही समजून घ्या. एमसीबी जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं की पडतो. पंखा थांबल्यावर दिवा घेत असलेला करंट वाढत नाही, उलट पंख्याचे दोन-तीन वॅट कमीच होतात. म्हणून एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. तो पडेल तो शॉर्ट झाल्यावर, म्हणजे उशिरा.

माणसाला बसणाऱ्या शॉकपासून वाचवणारं उपकरण वेगळं आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात, काही जण ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी लाइनवर असावंच. ग्रो लाइटच्या खोलीत ओल असते, पाय ओले असतात, हातात पाण्याचा पंप असतो. तिथे ते नसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. सोबत अर्थिंग नीट हवं. तीन पिनांची पिन कापून दोन पिनांची करणं, किंवा पिन काढून नुसत्या तारा बोर्डात खुपसणं बंद करा.

पंखा बंद आहे हे कसं ओळखायचं?

दिव्यावरून कळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मुद्दाम बघा.

1. आवाज ऐका. रोजची घरघर नसेल किंवा करकर आवाज येत असेल तर पंखा गेला आहे किंवा जायच्या बेतात आहे.
2. पातळ कागदाची पट्टी जाळीजवळ धरा. एका बाजूला ती ओढली जाते, दुसऱ्या बाजूला उडते. काहीच हललं नाही तर हवा वाहत नाही.
3. दोन-तीन पंखे असतील तर प्रत्येकाजवळ कागद धरा. एक चालू असला की आवाज येत राहतो आणि बंद पंखा लपून जातो.
4. वास घ्या. तापलेल्या प्लॅस्टिकचा किंवा मासळीसारखा उग्र वास आला तर लगेच पिन काढा.
5. बघा: भिंगं पिवळी पडली का, काही एलईडी विझले का, एक अख्खी ओळ गेली का, बॉडीवर तपकिरी डाग पडलेत का.

तापमान मोजायचं इन्फ्रारेड यंत्र असेल तर एक काळजी घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते यंत्र खूप कमी आकडा दाखवतं. हीट सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा, म्हणजे खरा आकडा मिळेल.

आज पंखा बंद दिसला, तर आज काय करायचं?

आधी पिन काढा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही, कारण बऱ्याच जुन्या बोर्डांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. स्विच बंद असला तरी आत करंट राहतो.

मग पिकाचा विचार करा. बहुतेक रोपं दोन-चार दिवस कमी प्रकाशात मरत नाहीत, फार तर थोडी लांबट होतात. भाजीपाल्याची रोपं आणि मायक्रोग्रीन्सचे ट्रे खिडकीजवळ किंवा शेडनेटखाली हलवा, पाणी थोडं कमी करा. केशराला खोलीचं तापमान सांभाळणं जास्त महत्त्वाचं आहे, तापलेला दिवा तिथे उलटा त्रासच देतो. शेजारच्या रॅकवरचा चांगला दिवा आळीपाळीने वापरता येतो. टिश्यू कल्चरच्या बाटल्या चालू दिव्याच्या रॅकवर हलवा.

"बाहेरून टेबल फॅन लावला तर चालेल का?" असं बरेच जण विचारतात. टेबल फॅनचा वारा बॉडीवरून जातो, आतल्या हीट सिंकच्या पात्यांतून नेमका जात नाही. त्यामुळे तो पर्याय नाही. अगदीच नाइलाज असेल, दिव्याला प्रकाश कमी करायचं बटण असेल, तर एक चतुर्थांश प्रकाशावर, दिवसा, स्वतः समोर बसून, टेबल फॅन लावून थोडा वेळ चालवता येईल. हात लावून बॉडी चटका देत असेल तर तेही थांबवा. उठून जायचं असेल तर आधी दिवा बंद करा.

बॉडीचं झाकण काढून दिवा उघडा चालवणं हा उपाय नाही. आतल्या तारांवर बरेचदा घातक व्होल्टेज असतं, आणि खाली रोपांना पाणी मारताना ते थेंब आत जातात.

पंखा बदलायचा कसा?

दिवा वॉरंटीत असेल तर तो उघडू नका. उघडला की वॉरंटी जाते. पंखा फिरत नाही याचा व्हिडिओ काढा, बिल शोधा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

वॉरंटी संपली असेल तर हे काम जाणत्या वायरमनकडून किंवा टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. पण काय करायला हवं हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे चुकीचं काम होणार नाही.

1. पिन काढून किमान १० मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, तो लगेच उतरत नाही.
2. उघडल्यावर मोबाइलवर तारांचा फोटो काढा.
3. पंख्यावरची चिठ्ठी वाचा. बहुतेक पंखे १२ व्होल्ट डीसीचे, ८० किंवा १२० मिलिमीटरचे असतात, पण काही २४ व्होल्टचे असतात. अंदाजाने घेऊ नका.
4. नवा पंखा त्याच व्होल्टचा, त्याच मापाचा आणि जवळपास तेवढ्याच अँपिअरचा घ्या. फार कमी अँपिअरचा पंखा हवाही कमी फेकतो, फार जास्तीचा असेल तर आतला पुरवठा कमी पडतो. बॉल बेअरिंगचा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, उष्णतेत तो जास्त टिकतो.
5. हवेची दिशा पहिल्यासारखीच ठेवा. पंख्याच्या कडेवर बाण असतो. बाण नसेल तर सहसा चिठ्ठीच्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसवला तर पंखा फिरतो, पण आत गरम हवा कोंडते.
6. हीट सिंकमधली धूळ ब्रशने काढा. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोरात फिरली तर बेअरिंग खराब होतं.
7. हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची तार बॉडीला परत घट्ट लावली आहे का, ते बघा. ही तार हमखास विसरली जाते.
8. पहिला एक तास समोर बसून दिवा चालवा. कागदाची पट्टी धरून बघा, वास येतो का बघा. मगच टायमरवर टाका.

नवा पंखाही फिरत नसेल तर दोष पंख्यात नाही, त्याला वीज पुरवणाऱ्या भागात आहे. मल्टिमीटरने तपासून घ्या. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर जोडून पंखा फिरवायचा जुगाड करू नका. तो हळू फिरतो किंवा फिरतच नाही, आणि आपल्याला वाटतं काम झालं. वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावावाच लागला, तर तो आणि दिवा एकाच टायमरवर, एकाच बोर्डवर हवा. नाहीतर एक दिवस ॲडॉप्टर बंद राहील आणि दिवा चालू राहील.

एलईडी काळे पडले असतील, ड्रायव्हर फुगला असेल, वायर तडकल्या असतील तर पंखा बदलून भागणार नाही. असा दिवा बाजूला काढा.

पंखा लवकर का जातो?

तीन शत्रू आहेत: धूळ, ओल आणि गंधक. कोकोपीटची बारीक भुकटी पंख्यात जाऊन बसते. ओलीमुळे ती चिकटते. आणि पॉलिहाऊसमध्ये भुरीसाठी गंधकाची धुरी देत असाल, तर ती पंखाच काय, एलईडीच्या आतला चांदीचा थरही काळा करते. धुरीच्या वेळी दिवे बंद ठेवा आणि शक्य असेल तर बाहेर काढा.

महिन्यातून एकदा पिन काढून कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. दिव्याच्या वर वीतभर तरी मोकळी जागा ठेवा, वर काही ठेवू नका. सुतळी किंवा प्लॅस्टिकच्या दोरीने टांगू नका, साखळी किंवा जीआय तार वापरा. एका एक्स्टेंशन बोर्डवर चार-पाच दिवे लावू नका. आणि वायर बोर्डाकडे वळते तिथे तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाण्याचा थेंब बोर्डात न जाता खाली पडेल.

नवा दिवा घेताना

मोठ्या अक्षरातल्या "१००० वॅट" वर जाऊ नका. बऱ्याच दिव्यांवर तो आकडा नुसता नावाला असतो, प्रत्यक्षात दिवा त्याच्या पाव भागही वीज घेत नाही. "प्रत्यक्ष किती वॅट वीज घेतो" हा आकडा विचारा. २०० वॅटचा दिवा १२ तास चालला तर २.४ युनिट जळतात, त्यावरून बिलाचाही अंदाज येईल. ड्रायव्हरवर बीआयएसचा चिन्हासह आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. धूळ-ओलीच्या जागी बिनपंख्याचा, आयपी६५ लिहिलेला दिवा थोडा महाग पडला तरी परवडतो, कारण त्यात बंद पडायला पंखाच नसतो.

आग लागलीच तर

मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी मारू नका. कोरडी वाळू, माती किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरा. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो, त्यात शिरून ट्रे वाचवायला जाऊ नका. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१, तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. कुणाला करंट लागला असेल तर आधी वीज तोडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा, हाताने धरू नका.

१२ व्होल्टचा पंखा काही फार महागाची वस्तू नाही. त्यापुढे रोपांची अख्खी बॅच, शेड आणि आत झोपणारा माणूस यांची किंमत लावून बघा. आज संध्याकाळी शेडमध्ये जाल तेव्हा कागदाची एक पट्टी सोबत न्या आणि प्रत्येक पंख्यासमोर धरून बघा.